सातव्या खोलीत काय होतं

ताईच्या धाकट्याचं दुसरं लग्न झालं त्या वर्षी मी वाचायला शिकलो. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. पहिल्या लग्नात कुणी माझ्या हातात कागद दिला नव्हता, म्हणून मी सुटलो. दुसऱ्या लग्नात मात्र नव्या सुनेच्या आईने पाहुण्यांची यादी माझ्यापुढे धरली. "मामा, तुमचा आवाज खणखणीत आहे. एकेक नाव पुकारा, म्हणजे फोटोसाठी लोक रांगेने येतील."

मी ठरलेला डाव टाकला. चारही खिसे चाचपले. "घ्या! चष्मा घरीच राहिला."

तिने स्वतःचा चष्मा काढला आणि माझ्या नाकावर बसवला. "हा घाला. आपलं वय सारखं, नंबरही सारखाच असणार."

नंबर खरोखरच सारखा निघाला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण न कळणारं सगळं लख्ख दिसत होतं. मग मी यादीवर बोट फिरवत, समोर जो चेहरा दिसेल त्याचं नाव पुकारत सुटलो. नवरदेवाला तिसऱ्यांदा बोलावल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्यापासून रोज चार वाजता माझ्याकडे यायचं. पाटी आहे माझ्याकडे." तिने पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. असले चष्मे विसरणारे तिने ढिगाने पाहिले होते. तेव्हापासून मी तिला बाई म्हणतो.

ताई म्हणाली, "लोकांची साठीला बुद्धी नाठी होते. आमच्या बारक्याची साठीला उगवतेय." बारक्या म्हणजे मी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे मी कितीही म्हातारा झालो तरी बारक्याच.

मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग अक्षरं कशी येत नव्हती, असं कुणीही विचारेल. त्याचं असं, की आमचा उस्ताद खडूने अक्षरांच्या कडा काढायचा आणि मी आत रंग भरायचो. चाळीस वर्षं मी अक्षरांच्या पोटात शिरून बसलो, पण एकाचीही ओळख करून घेतली नाही. एकदा उस्ताद आजारी असताना मी खाटकाची आणि दातांच्या डॉक्टरची पाटी अदलाबदल करून टांगली. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस गाल धरून खाटकाकडे गेला, तेव्हा बोभाटा झाला.

एवढं होऊनही मी शिकलो नव्हतो. बाईंच्या पाटीपुढे टिकून बसलो ते एका गोष्टीपायी, आणि ती गोष्ट आईची.

आई एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दुपारी तिला अर्ध्या तासाची सुट्टी असे. ताई आणि मी तिचा डबा घेऊन जायचो. मागच्या दाराच्या पायरीवर बसून आई एकीकडे जेवायची आणि एकीकडे गोष्ट सांगायची. राजकन्या, राक्षस, बोलणारी बदकं, सगळे तिच्या तोंडातल्या घासातून वाट काढत बाहेर यायचे. गोष्ट ऐन रंगात आली की भोंगा व्हायचा. आई डब्याला झाकण लावायची, गोष्टीलाही लावायची, आणि आत जायची.

दुसऱ्या दिवशी पुढचं सांगेल म्हणाल, तर नाव नको. "गोष्ट म्हणजे काय अर्धी विझलेली विडी आहे, मधूनच पेटवायला?" असं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पुन्हा त्याच जागी भोंगा. सुट्टीच्या वारी विचारलं तर म्हणायची, "आज माझी सुट्टी आहे. जिभेचीही आहे." मी नऊ वर्षांचा असताना आई तापाने गेली. आमच्याकडे तिच्या सात गोष्टी राहिल्या. सातांपैकी एकीलाही शेवट नव्हता.

यात आमची जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाची व्हायची नाही. आम्हाला वाटलं, गोष्टी अशाच संपतात. ताईने आपल्या तिन्ही मुलांना गोष्टी सांगितल्या त्या अशा: "तिने किल्ली फिरवली, दरवाजा करकरला, आणि भोंऽऽऽ! चला, झोपा." मुलंही गुणी. भोंगा झाला की कुशीवर वळायची. पुढे धाकट्याने शाळेत गोष्ट सांगायच्या स्पर्धेत असाच दणदणीत भोंगा केला, तेव्हा अर्धी शाळा दप्तरं उचलून घरी निघाली. मास्तरांनी ताईला बोलावून घेतलं. त्या दिवशी ताईला पहिल्यांदा कळलं, की इतर लोकांच्या गोष्टींना शेवट असतो.

तिथून ताई जी बेचैन झाली ती झालीच. बाकी सहा गोष्टींचं ती चालवून घ्यायला तयार होती. सातवी मात्र तिच्या घशात अडकली. ती गोष्ट अशी.

एका सुताराची पाठ धरली होती. त्याच वेळी राक्षसाचा निरोप आला, की घरातले सगळे दरवाजे करकरतात, झोप येत नाही, कुणाला तरी पाठव. सुताराची धाकटी मुलगी तेलाची बुधली घेऊन निघाली. राक्षस म्हणाला, "घरात सात खोल्या आहेत. सहा दरवाज्यांना तेल घाल. सातव्याला हात लावलास तर खाऊन टाकीन." मुलीने सहा दरवाजे गप्प केले. सातवा मात्र करकरत राहिला. राक्षस दुपारचा आडवा झाला, तशी तिने त्याच्या कानात खोचलेली किल्ली अलगद काढली, सातव्या कुलपात घातली, फिरवली, दार ढकललं...

आणि भोंगा.

"बारक्या, त्या खोलीत काय होतं?" हे ताईने मला आयुष्यात किती वेळा विचारलं असेल, मोजदाद नाही. म्हणून वाचता येऊ लागल्याबरोबर मी वाचनालयात जाऊन बसलो. परीकथांचं एकही पुस्तक सोडलं नाही. वाचनालयातला माणूस म्हणायचा, "काका, हा लहान मुलांचा कोपरा आहे." मी म्हणायचो, "मी पहिलीतच आहे." तीन वर्षं वाचलं. बंद खोल्या पुष्कळ सापडल्या. सुताराची मुलगी आणि तेलाची बुधली कुठेच नव्हती. ताईला एकेक खोली सांगितली की ती मान हलवायची. "ती दुसऱ्यांच्या आईची. आपल्या आईची नव्हे."

मग मीच लिहायला बसलो. आईच्या गोष्टी आधी जशाच्या तशा उतरवल्या आणि बाईंना दाखवल्या. त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केले.

"राक्षसाच्या घरात भोंगा कुठून आला?"

"तो लाँड्रीचा आहे."

"आणि बदकांच्या तळ्यात?"

"तोही लाँड्रीचाच."

"मामा, सगळ्या राज्यांत मिळून एकच लाँड्री होती का?"

मी भोंगे काढले आणि शेवट घातले. सहा गोष्टींचे शेवट ताईने कुरकुरत मंजूर केले. सातवीचा एकही केला नाही. मी खोलीत सोनं ठेवलं. ताई म्हणाली, "सोनं पहिल्याच खोलीत होतं. राक्षस काय सराफ आहे?" मी राक्षसाच्या आधीच्या बायकांची हाडं ठेवली. "आई जेवताना हाडांचं सांगेल?" झोपलेला राजपुत्र ठेवला. "घ्या, घरात एक घोरणारा पुरुष कमी होता." रिकामी खोली ठेवली, तर दोन दिवस बोलली नाही. शेवटी बाईंनी सुचवलं, की खोलीत ज्ञान होतं असं लिहा, मुलांवर चांगला परिणाम होतो. ताई म्हणाली, "ज्ञानाला कुलूप कशाला? उघडं ठेवलं तरी कोण नेतंय?"

हे असं चाललं असताना ताईला दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयातली एक झडप झिजली आहे, ऑपरेशन लवकर करायला हवं, नाहीतर वर्ष काढणं कठीण. तारीखही दिली. ताई म्हणाली, "मी येणार नाही."

"का?"

"टेबलावरच गेले तर? अर्धी गोष्ट घेऊन वर जाऊ?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, वर आई भेटेलच की. तिलाच विचारा."

"ती पुन्हा पहिल्यापासून सांगेल," ताई म्हणाली.

धाकटा रडला, सून रडली, बाईंनी दटावलं. ताई ढिम्म. सातव्या खोलीत काय ते कळल्याशिवाय ती ऑपरेशनला जाणार नव्हती. ज्याने त्याने माझ्याकडे बघायला सुरुवात केली. आजवर कुठल्या लेखकाच्या डोक्यावर असं ओझं आलं असेल, मला ठाऊक नाही. इतर लेखकांनी वाईट लिहिलं तर लोक नावं ठेवतात. मी वाईट लिहिलं तर बहीण जाणार होती.

म्हणून मी लबाडी केली. खोलीत आरसा ठेवला. राक्षस त्यात स्वतःला बघतो, त्याला पश्चात्ताप होतो, वगैरे. बाई म्हणाल्या, बरा आहे. मी ताईला न विचारताच पुस्तक छापायला घेतलं. माझं छापणं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात पानं काढायची, मुखपृष्ठ ब्रशने रंगवायचं, पिना मारायच्या. प्रकाशक मी, चित्रकार मी, वाटणारा मी. मागच्या बाजूला माझा फोन नंबर, म्हणजे शिव्या खाणाराही मीच. मनात म्हटलं, एकदा छापील दिसलं की ताईला पटेल. छापलेल्याला लोक मान देतात.

पण पिना मारायचं काम ताईकडे होतं, हे मी विसरलो. बसल्या बसल्या जमतं म्हणून ते तिनेच मागून घेतलं होतं. माझ्या पाटीकडे बघून बघून तीही वाचायला शिकली होती, तिने आरसा वाचला. साठही प्रतींतलं शेवटचं पान काढून घेतलं, पिना मारल्या, आणि गठ्ठा शहाण्यासारखा माझ्या हातात दिला. मीही न उघडता तो ओळखीच्या ठिकाणी ठेवून आलो: न्हाव्याकडे, दातांच्या डॉक्टरकडे, बसच्या चौकशी खिडकीपाशी. लोकांना जिथे ताटकळत बसावं लागतं, तिथेच माझे वाचक.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याचा फोन. "अहो लेखक, एक गिऱ्हाईक दाढी होऊनही खुर्चीतून उठत नाही. खोलीत काय होतं ते सांगा म्हणतो."

"शेवटच्या पानावर आहे ना!"

"शेवटच्या पानावर तो दार ढकलतोय."

"तो नाही, ती."

"कोणीही असो, खुर्ची मोकळी करायला सांगा तिला."

पाठोपाठ दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीतली बाई तोंड उघडं ठेवून "ओईत आय ओऽहं" असं ओरडत होती. त्याला वाटलं, दुखतंय. त्याने दोनदा भूल दिली.

मी ताईकडे धावलो. "तू पानं फाडलीस?"

"फाडली."

"साठही?"

"एक ठेवलंय. पलंगाच्या पायाखाली. पलंग डुगडुगत होता."

मी लेखक म्हणून चिडलो आणि भाऊ म्हणून गप्प बसलो. मंगळवार होता. ऑपरेशन शुक्रवारी. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आता कोण खुर्चीत अडकलं, असं म्हणत मी उचलला. पलीकडे एक बाई होती.

"ते पुस्तक तुमचं का? मी दातांच्या डॉक्टरकडून उचलून आणलं. घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, पुढचं त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते मला सांगत नाहीत. म्हणतात, इस्त्रीवालीची पोरं आली तरच सांगेन."

अर्ध्या तासात आम्ही टॅक्सीत होतो. ताई पुढे, मी आणि बाई मागे. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांनाही आता राहवत नव्हतं. दोन जिने चढताना ताई प्रत्येक पायरीवर थांबली. मी म्हटलं, "उचलू का?" ती म्हणाली, "आधी स्वतःला उचल."

दार उघडलं तर खिडकीशी ऐंशीची एक म्हातारी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डबेवाली पोरं! केवढी म्हातारी झालात ग!"

ही आमच्या आईच्या लाँड्रीतली. चादरींना खळ लावायची, म्हणून सगळे तिला खळवाली म्हणत. आई गेली तेव्हा ही बावीस वर्षांची होती.

"तुमची आई भोंगा झाला की आत यायची ती बोलतच," खळवाली मावशी म्हणाली. "इस्त्री हातात, गोष्ट तोंडात. जिथे तुमच्याकडे सोडलेली असायची, तिथून पुढे. संध्याकाळपर्यंत आम्हाला पुरायची."

ताईने माझा दंड धरला. आम्ही पायरीवरून उठून घरी निघायचो आणि भिंतीपलीकडे राक्षसाचं दार उघडत होतं!

"मावशी, खोलीत काय होतं?"

"थांब. आधी मला सांग, ती मुलगी राक्षसाच्या घरात शिरली कशी?"

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

"कसं माहीत असणार? माझी सुट्टी तुमच्या आईच्या नंतरची. मला रोज मागचाच तुकडा मिळायचा. साठ वर्षं होत आली, मला त्या मुलीचं नाव-गाव ठाऊक नाही. काल सून वाचायला बसली, तर मधल्या पानापासून. म्हणे गंमत तिथेच आहे."

सून स्वयंपाकघरात गडप झाली.

"आधी खोली," ताई म्हणाली.

"आधी सुरुवात."

"माझं हृदय बिघडलंय."

"माझे गुडघे बिघडलेत. मी सांगते का कुणाला?"

"मी मोठ्या मुश्किलीने दोन जिने चढलेय."

"मी तेच दोन जिने चार वर्षांत उतरले नाही."

दोघी एकमेकींकडे अशा बघत होत्या, की मी मधली टॉवेलांची चळत हलवून ठेवली. तेव्हा बाई उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांचा तो आवाज निघाला. "हाताची घडी! गोष्टीत आधी काय येतं? सुरुवात. मामा, वाचा. मोठ्याने. आणि बोट ठेवून."

मी वाचायला लागलो. आता मी वाचतो, पण माझं वाचणं म्हणजे म्हातारा बैल चढावर. एकेक शब्द पाय रोवून येतो. ताई दात-ओठ खात होती. "'सुताराची पाठ धरली होती' एवढ्याला किती वेळ? पाठ सुटली असेल एव्हाना!" खळवाली मावशी मात्र डोळे मिटून ऐकत होती. "सुतार! मला वाटायचं बाप राजा असेल." मग, "तेल घालायला? मी समजत होते पळवून नेलं." मग, "म्हणजे स्वतःच्या पायाने गेली, आणि कामाला गेली. अग बाई." तिने टॉवेलाने डोळे पुसले आणि त्याच टॉवेलाची पुन्हा घडी घातली.

मी दार ढकललं आणि थांबलो. पुढे पान नव्हतंच.

"आता तू," ताई म्हणाली.

खळवाली मावशीने घसा साफ केला. "खोलीत मळके कपडे होते."

ताई खुर्चीत पुढे सरकली.

"सातशे वर्षांचे. छतापर्यंत. राक्षसाने जन्मात एक चड्डी धुतली नव्हती. लाज वाटायची त्याला, म्हणून कुलूप. ढीग दाराला आतून रेटायचा, म्हणून दार करकरायचं. मुलीने दार ढकललं आणि तो सगळा ढीग तिच्या अंगावर."

ताईच्या तोंडातून एक आवाज आला. मला वाटलं, झडप गेली. पण ती हसत होती. खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी काढत, सगळी गदगदत होती. मी पाण्याचा पेला घेऊन धावलो, तो तिने बाजूला केला. मग एकदम थांबून तिने विचारलं, "आणि ते तिने धुतले?" तो प्रश्न तिने इतक्या कडकपणे विचारला, की बाईसुद्धा ताठ बसल्या.

"छट्! राक्षस उठला, म्हणाला, कुणाला सांगू नकोस, तुला सोन्याची खोली देतो. तिने खिडकी उघडून सगळ्या गावाला ओरडून सांगितलं. मग त्याच्या हातात बादली दिली. तो धुवायचा आणि ती पायरीवर बसून जेवायची. सावकाश. दुपारभर."

ताईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "हे आईचंच. बारक्या, तुला हे सात जन्मांत सुचलं नसतं."

"आरसा काही वाईट नव्हता," मी म्हटलं.

"पलंगाला बरा बसलाय."

मला राग यायला हवा होता. पण लेखकाला एकदा तरी खरा शेवट ऐकायला मिळाला, की स्वतःचे पाच विसरायला फार वेळ लागत नाही.

निघताना ताई दारात वळली. "मावशी, त्या बोलणाऱ्या बदकांचं पुढे काय झालं ग?"

"तेही आहे. बाकी पाचही आहेत."

"मग सांग."

"आज घसा बसला. सुरुवाती घेऊन या, एकेक देते. शनिवारी ये."

"शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे."

"मग ते उरकून ये," खळवाली मावशी म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

शुक्रवारी ताई स्वतः चालत हॉस्पिटलात गेली. तिला आत नेत असताना ती डॉक्टरला सांगत होती, की मला सहा वेळा दोन जिने चढायचेत, टाके घट्ट घाला. सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा ते दोन जिने चढलो. दर शनिवारी एक, असं करत सहा गोष्टी पुऱ्या केल्या. माझे सहाही शेवट चुकीचे निघाले. बदकं तर मुळात बदकं नव्हतीच. मी सगळं पुन्हा लिहिलं, बाईंनी पुन्हा लाल केलं, आणि आता पुस्तकात सातही गोष्टी पुऱ्या आहेत. मुखपृष्ठावर आईचं काम लिहिलंय, इस्त्रीवाली, आणि खाली बारीक अक्षरांत माझं, पाटीवाला. न्हाव्याने पुस्तक दुकानात ठेवायला साफ नकार दिला. म्हणतो, आता लोक हसून मान हलवतात, कान कापला जाईल कुणाचा तरी.

खळवाली मावशी त्याच वर्षीच्या शेवटच्या महिन्यात गेली. ताई त्यानंतर चार वर्षांनी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, एका बुधवारी सकाळी चहा घेऊन झाल्यावर गेली.